सरळ आलेला ळ

(आचोळ्यातला फ्लॅट, सकाळची वेळ. जेवणाच्या टेबलावर दिनानाथची वही आणि लेकीचा, ज्ञानदाचा, लॅपटॉप.)

दिनानाथ : पन हा ग माझा हाय.

ज्ञानदा : बाबा, आधी चष्मा लाव.

दिनानाथ : चष्मा नको. चाळीस वर्सं पाचूबंदरला होड्यांवर नावं रंगवली मी. आपलं अक्षर कळतं आपल्याला. काळ्या पडद्यावर एवढा मोठा कशाला केलास?

ज्ञानदा : पिक्चरचं नाव आहे. ‘गाळ’. भुताचा पिक्चर. टायटल मी करतेय ना, तेच.

दिनानाथ : ते ठाव हाय. माझ्या वहीतनं घेतलंस?

ज्ञानदा : स्कॅन केलं. फेब्रुवारीतलं पान. तुला विचारायला हवं होतं.

दिनानाथ : हां. विचारायला हवं होतं.

ज्ञानदा : सतरा डिझाइन्स पाठवली होती रे मी. रक्त ओघळणारं, तडे गेलेलं, धुरातलं. डायरेक्टर केयूर म्हणाला, हे सगळं बघून झालंय. मग तुझा ग पाठवला. पाच मिनिटांत फोन.

दिनानाथ : काय बोलला?

ज्ञानदा : आवडलं बोलला.

दिनानाथ : नीट सांग.

ज्ञानदा : बोलला, हे जिवंत माणसाने लिहिलंय असं वाटतच नाही.

दिनानाथ : बरं.

ज्ञानदा : त्याला माहीत नव्हतं कुणाचं आहे. तारीफ करत होता तो.

दिनानाथ : तारीफच हाय. अर्धांग झाल्यावर मला पन तसंच वाटायचं. चहा सांडला हातावर तरी कळायचं नाय. पेन पडलं ते खाली बघितल्यावर कळायचं.

ज्ञानदा : राग आला?

दिनानाथ : यायला पायजे बहुतेक. काहीच वाटत नाय. तुला?

ज्ञानदा : मला पण नाही. फेब्रुवारीत तू इथे समोर बसून धडपडत होतास, आणि मी नुसती रेषेकडे बघत होते. मस्त थरथरतेय, एवढंच वाटलं.

दिनानाथ : मग आता अडलंय कुठं? ग हाय, काना हाय.

ज्ञानदा : ळ नाही. टीझर संध्याकाळी जायचाय. थेरपिस्ट ॲनिशाने तुला हाताच्या व्यायामाला आठवड्याला एक अक्षर दिलेलं, क पासून. ळ यायला सप्टेंबर उजाडला.

दिनानाथ : आज सकाळी पान भरून काढला की. ॲनिशाला फोटो पन पाठवला. व्यायाम कामी आला, बोलली.

ज्ञानदा : बघितलं मी पान. खूप सरळ आलाय.

दिनानाथ : सरळ आलाय ना? होडीवर चालेल असा. दोन्ही गोल सारखे.

ज्ञानदा : हो. पण इथे नाही चालत. ग च्या बाजूला ठेवला की दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो. कॉम्प्युटरवर वाकडा करून बघितला, तो खोटा दिसतो.

दिनानाथ : म्हंजे फेब्रुवारीसारखा पायजे.

ज्ञानदा : राहू दे बाबा. मी सांगते केयूरला काहीतरी.

दिनानाथ : तेच जाडं पेन दे. भरतीचं पानी चढायच्या आत नाव पुरं करायचं, ही माझी रीत. अर्धं नाव घेऊन एक होडी गेली नाय पान्यात. दे.

ज्ञानदा : हे घे.

दिनानाथ : हा बघ.

ज्ञानदा : सरळ आहे.

दिनानाथ : थांब, कोपर टेकवत नाय आता. हा?

ज्ञानदा : नाही. आणि मुद्दाम हलवू नकोस, ते कळतं लगेच.

दिनानाथ : हलवून पन हलत नाय गं. उभ्यानं काढतो. तेव्हा बसून पन तोल जायचा माझा. हा बघ.

ज्ञानदा : बाबा, बस झालं. हा तर सगळ्यात सुरेख आलाय.

दिनानाथ : अजून एक काढतो.

ज्ञानदा : थांबलास का? काय झालं?

दिनानाथ : पेनाची कड लागतेय बोटाला.

ज्ञानदा : लागतेय? कळतंय तुला?

दिनानाथ : हां. टोचतेय.

ज्ञानदा : बाबा, अरे, बरा झालास तू.

दिनानाथ : हां. पन तुझं काम अडलं गं.