लाल नाकांची फौज

(नॉटिंगहॅममधलं, टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांतले जुने सैनिक विकणारं दुकान. शनिवार दुपार. काउंटरवर बोटभर उंचीचे, धातूचे, रंगवलेले बुटके योद्धे मांडलेले. पलीकडे दुकानाची मालकीण डोरीन, अलीकडे गिऱ्हाईक क्लेमेंट.)

क्लेमेंट : नव्वद पौंड? डोरीनबाई, नीट बघा तरी. हा रंग आहे की लापशी?

डोरीन : बघितलंय. म्हणूनच नव्वद.

क्लेमेंट : इतका जाड थर, की दाढी कुठे संपते आणि चिलखत कुठे सुरू होतं ते कळत नाही. आणि नाकं. चाळीसच्या चाळीस लाल. ही फौज आहे का सर्दीचा दवाखाना?

डोरीन : छान बोलतोस, राजा. पुढे?

क्लेमेंट : तीन भाले मोडलेत. सरदाराचा हात उलटा चिकटवलाय. मूळ खोका नाही. पन्नास देतो, आणि तेही जास्तच आहेत.

डोरीन : पटलं मला.

क्लेमेंट : मग बांधा.

डोरीन : बांधू कशाला? रंग घाण आहे, हे पटलं. माझंच मन होत नव्हतं, तू सोपं केलंस. हे साचे बंद होऊन तीस वर्षं झाली. कोऱ्या धातूचे असतील तर दोनशेला हातोहात जातील. मागे रंग उतरवायच्या ॲसिटोनची बादली आहे. संध्याकाळी सगळे बुडवते, सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडते. नवे कोरे.

क्लेमेंट : सगळे?

डोरीन : निम्मे बुडवून काय करू?

क्लेमेंट : नाही, म्हणजे... रंग तसा अगदीच वाईट नाही.

डोरीन : आत्ता लापशी होती.

क्लेमेंट : जवळून. टेबलावर मांडले, तीन फुटांवरून बघितले, की बरे दिसतात.

डोरीन : चष्मा घरी विसरला की आणखी बरे.

क्लेमेंट : डोळे बघा ना. प्रत्येक डोळ्यात पांढरा ठिपका आहे. याला धीर लागतो, बाई.

डोरीन : याचा ठिपका गालावर आहे.

क्लेमेंट : असू दे. नव्वद देतो.

डोरीन : नव्वद लापशीचे होते. आता धीराचं काम झालंय. एकशे वीस.

क्लेमेंट : अहो, ही लूट आहे.

डोरीन : माझ्या धंद्याची रीतच उफराटी. ज्याने खोका उघडलाच नाही त्याला सगळ्यात जास्त पैसे. ज्याने उघडून जोडले त्याला निम्मे. हौसेने रंगवले, त्याच्या हातात चिल्लर. प्रेमाने हाताळलं की भाव पडलाच. पण स्वतःच पाडलेला भाव स्वतःच चढवणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतेय. कोणी रंगवलेत हे?

क्लेमेंट : मला काय ठाऊक?

डोरीन : मोज बरं काउंटरवरचे.

क्लेमेंट : कशाला? चाळीस.

डोरीन : एकोणचाळीस. आणि यात सरदार नाहीच. त्याचा हात उलटा आहे हे तुला कुणी सांगितलं?

क्लेमेंट : कुठे आहे तो?

डोरीन : बादलीत. रंग सुटतो का ते बघायला सकाळी एकटा त्याला टाकला.

क्लेमेंट : बाहेर काढा त्याला. आधी काढा.

डोरीन : काढून उपयोग नाही, नागवा झालाय. हातही निखळला. आता बोल, कोणाची फौज?

क्लेमेंट : माझी. म्हणजे, माझी आणि इमोजेनची. माझी लेक. तेव्हा नऊ वर्षांची होती. नाकं तिने रंगवली. थंडीत लढायचं तर नाक लाल होणारच ना, म्हणायची.

डोरीन : बरोबर बोलायची. मग विकलीस का?

क्लेमेंट : युद्धखेळांच्या क्लबात मांडली तर सगळे हसले. सर्दीचा दवाखाना, हे त्यांचंच. मीही हसलो. ती शेजारी उभी होती. पुढच्याच आठवड्यात क्लबातल्या रोलंडला विकून टाकली आणि तिला सांगितलं, माळ्यावर ठेवलीय.

डोरीन : रोलंडनेच मला आणून दिली. म्हणजे माळा रिकामाच.

क्लेमेंट : बावीस वर्षं झाली त्याला. उद्या ती ब्रिस्टलहून येतेय. चार वर्षांनी येतेय, बाई. फोनवर म्हणाली, बाबा, आपली फौज खाली काढून ठेव. रोलंडला विचारलं, तेव्हा तुमचं दुकान कळलं.

डोरीन : आणि तू इथे येऊन पुन्हा तोच विनोद केलास. चाळीस पौंड वाचवायला.

क्लेमेंट : हो. लाज वाटतेय मला.

डोरीन : वाटू दे थोडी. काढ नव्वद. एकशे वीस घेत नाही, पण पन्नासही घेणार नाही.

क्लेमेंट : हे घ्या. पण सरदार? ती आधी त्यालाच शोधणार. आज घरी बसून मीच रंगवतो. नाकही लाल करतो.

डोरीन : तू हात लावू नकोस. तुझ्या हातचं इतकं नीटनेटकं होईल, की ती दारातून ओळखेल.

क्लेमेंट : मग तिला सांगू काय?

डोरीन : जे मला सांगितलंस ते. हसलास तेसुद्धा. मग हा उघडा सरदार तिच्यापुढे ठेव आणि लाल रंगाची बाटली उघडून दे.

क्लेमेंट : आणि तिने उचललाच नाही तर?

डोरीन : तर तसाच राहू दे. आणि उचलला, तर शेजारी बस. डोळ्याचा ठिपका गालावर गेला, तरी बसून राहा.