चार झाकणं

वैद्य : वर तारीख घाला, सूनबाई. तीन जून एकोणीसशे एकाहत्तर. खाली लिहा, घरातले जठराग्नी चार.

सून : दोन महिन्यांपूर्वीही चारच होते, वैद्यबुवा.

वैद्य : तेव्हा बिघडलेले चार. आता सुधारलेले चार. तुमच्या मामंजींचा मंदाग्नी चांगला पेटलाय. जेवले की खुर्चीत पेंगायचे, आज मला घ्यायला फाटकापर्यंत आले.

सासूबाई : मागच्या खेपेला तुम्ही शेजाऱ्यांची नाडी पाहून परत गेलात, म्हणून आले.

वैद्य : चिरंजीवांचा तीक्ष्णाग्नी निवला. जळजळ नाही, तहान नाही.

सासूबाई : पोटातला निवला. तोंडातला आहे तसाच आहे.

वैद्य : तुमचा विषम. आज भूक, उद्या नाही, असं चालायचं. आता?

सासूबाई : आता रोज लागते. दोनदा लागते.

वैद्य : पाहा. आणि मुलीचा...

सासूबाई : तिचा कुठला, ते तुम्ही दोन वर्षं ठरवताय.

वैद्य : घाई करून कसं चालेल? ठरेपर्यंत तिचं वेगळं पातेलं बरं. चार अग्नी, चार पातेली, चार रंगांची झाकणं. अठरा वर्षांच्या धंद्यात असा गुण मी पाहिला नाही. रविवारी वैद्यांच्या सभेत हेच घर मांडणार आहे.

सासूबाई : आधी हिचं ऐका. अगं, सांग ना. मघापासून पेनचं टोपण चावतेयस.

सून : मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचंय. चार पातेली उतरायला साडेदहा होतात. मामंजी म्हणाले, वैद्यबुवा एका पातेल्याला हो म्हणाले तर खुशाल जा.

वैद्य : एका? मंदाला हलकं लागतं, तीक्ष्णाला थंड, विषमाला ओशट. एकच पातेलं म्हणजे चौघांना एकच चष्मा. अहो, इतका गुण आलाय तो मी हातानं घालवू? उलट मी म्हणणार होतो, आता पाचवं घाला. तुमचं. तुम्ही काय खाता?

सून : चारांतलं उरतं ते.

वैद्य : अरे देवा. आणि पचतं?

सून : पचतं की. पचत नाही म्हणत बसायला वेळ कुठाय?

सासूबाई : मग नोकरीचं काय, वैद्यबुवा?

वैद्य : नोकऱ्या पुष्कळ मिळतील. बिघडलेला अग्नी जाग्यावर येणं सोपं नाही.

सून : वैद्यबुवा, एक सांगते. सासूबाई, तुम्हीही ऐका. मग काय बोलायचं ते बोला. दीड महिना झाला, पातेलं एकच आहे.

वैद्य : कुठलं एक?

सून : मुलाखतीला जायचं होतं, उशीर झाला. तांदूळ, मूग, भाजी सगळं एकत्र चढवलं आणि चार भांड्यांत काढलं. हिरव्या झाकणाखाली मामंजींचं, लाल झाकणाखाली ह्यांचं. वाटलं, रात्री बोलणी बसतील. कुणी ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

वैद्य : चौघांपैकी एकालाही कळलं नाही?

सून : कळणार कसं? वेळा तुम्हीच वेगळ्या लावून दिल्यात. मामंजी अकराला, हे साडेअकराला, वन्सं बाराला, सासूबाई एकला. एकाचं ताट दुसरा बघत नाही. आणि जेवताना बोलायचं नाही, हाही तुमचाच नियम.

वैद्य : तुम्हालाही नाही कळलं?

सासूबाई : मला विषमाग्नी. मला काय कळतंय?

वैद्य : आता मी रविवारी काय सांगू? पत्रिका वाटून झाल्यात, हो.

सून : चुकलंच माझं. सोमवारचं मी रद्द करते.

सासूबाई : थांब गं. वैद्यबुवा, वेळा कुणी लावल्या?

वैद्य : मी.

सासूबाई : मुकाट्यानं जेवायला कुणी लावलं?

वैद्य : मीच.

सासूबाई : झाकणांचे रंग?

वैद्य : तेही मीच नेमून दिले.

सासूबाई : मग हिनं तुमचं काय मोडलं? एवढंसं पातेलं.

वैद्य : ...म्हणजे गुण आला तो काळाचा आणि मौनाचा. अन्न त्यात दुय्यम.

सासूबाई : आम्हा बायकांना हे कुठून सुचायला?

वैद्य : लिहा, सूनबाई. झाकणं चार, पातेलं एक. वैद्यांच्या सल्ल्यानं.

सून : सोमवारपासून?

वैद्य : छे. तारीख दीड महिन्यापूर्वीची घाला.

सून : घातली.

वैद्य : आणि एका चिठ्ठीवर लिहून द्या, त्यात मूग किती, तांदूळ किती. आमच्या घरी एकाला जळजळ आहे. कोणाला ते विचारू नका.

(तेहतीस वर्षांनी, त्याच स्वयंपाकघरात. सून नोकरीतून निवृत्त झाली आहे. नणंद चार दिवस राहायला आली आहे.)

नणंद : वहिनी, झाकणं अजून ठेवलीस?

सून : निळं तुझं. लाल तेवढं फुटलं, तुझ्या भावानं आपटून.

नणंद : माझा अग्नी शेवटी ठरलाच नाही बघ. तीन बाळंतपणं झाली, नातवंडं झाली.

सून : वैद्यबुवा जाईपर्यंत विचारायचे, मुलीचं काय म्हणून. ऐंशी वर्षं जगले. मौन भोजनावर गावोगाव दोन-दोन तास बोलायचे.

नणंद : जळजळ?

सून : गेली की. त्यांच्या बायकोनं मला एक्स्चेंजमध्ये फोन केला होता. म्हणाल्या, पाच पातेली घासत होते, आता एक घासते, सुखी राहा.

नणंद : बाबा मात्र शेवटच्या दिवशीही अकराला जेवले.

सून : हिरवं झाकण काढून. आणि तुझा भाऊ आता स्वतः करतो स्वयंपाक. मी नोकरीतून उठले आणि हा चुलीला लागला. रोज दोन पातेली करतो, म्हणतो बायकोसारखी जीभ नाही माझी, तिचं वेगळं पथ्य आहे.

नणंद : आणि आई? तिला खरंच कळलं नव्हतं?

सून : पहिल्याच दिवशी कळलं होतं. शेवटच्या आजारपणात सांगितलं मला.

नणंद : मग तेव्हा बोलली का नाही?

सून : मीही तेच विचारलं. म्हणाल्या, जेवताना बोलायचं नाही, असं वैद्यबुवांनी सांगितलं होतं.