पहिल्या रांगेतले कान

मालकीण : ...म्हणजे थोड्या वेळात लोक यायला लागतील, आणि तुम्ही आत्ता सांगताय, आजचा कार्यक्रम शेवटचा! बटणकाका, सायकलच्या दुकानामागची ही खोली मी गाण्यासाठी उघडली, तेव्हापासून आवाजाच्या मिक्सरला तुमच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही.

बटणकाका : म्हणूनच म्हणतो, आता दुसरा माणूस बघा. धडधाकट कानांचा.

गायिका : आल्या आल्या हे काय ऐकतेय मी? इतक्या लांबून आले ती काय तुमच्या निरोप समारंभाला?

बटणकाका : कानाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, पोरी. वरचे, बारीक आवाज गेले म्हणाले. परत येणार नाहीत. घरी दारावरची बेल कोकलते आणि मी आपला पेपर वाचतोय. सून म्हणते, बाबा ध्यानाला बसलेत.

मालकीण : बरं. मग?

बटणकाका : बरं मग काय? ज्याला ऐकू येत नाही त्याने आवाज सांभाळायचा? उद्या डोळे बांधून बस चालवायला द्याल मला!

मालकीण : अहो, आम्हाला माहीत आहे.

बटणकाका : काय माहीत आहे?

गायिका : तुमच्या कानांचं. त्या बासरीच्या कार्यक्रमापासून. माइकने अशी शिट्टी मारली की अख्ख्या खोलीने कानांवर हात ठेवले, आणि तुम्ही डोळे मिटून डोलत होतात.

बटणकाका : बासरी छान वाजत होती.

मालकीण : बासरी थांबली होती, काका.

बटणकाका : असं? पण मग पुन्हा कधी तसं झालं नाही.

मालकीण : कसं होईल? पहिल्या रांगेत आपल्या नर्सबाई बसतात ना! आवाज टोचायला लागला की त्या चष्मा काढून पुसतात.

बटणकाका : ते बघतो की मी! मला वाटायचं, बिचारीला आवाज सोसत नाही. म्हणून चष्मा निघाला की मी बारीक आवाजाचं बटण जरा खाली घ्यायचो. कुणाला कळू न देता.

गायिका : कुणाला कळू न देता!

बटणकाका : थांब, थांब. आणि तो गिटारवाला सारखी मान वाकडी करतो ते?

गायिका : ती खूण आहे. उजवीकडे केली की उजवा स्पीकर कमी करायचा.

बटणकाका : अगं, मला वाटायचं, त्या बाजूच्या आवाजाने त्याची मान अवघडते, म्हणून कमी करायचो. वर मानेसाठी तेल आणून दिलं!

मालकीण : लावतो बिचारा. तुम्ही जवळ गेलात तर वास यायला हवा ना.

बटणकाका : हसू नका. म्हणजे इतके दिवस मी इथे राजासारखा बटणं फिरवतोय आणि काम तुम्ही सगळे करताय. दया करताय माझ्यावर. लोक तिकीट काढून गाणं ऐकायला येतात, म्हाताऱ्याला सांभाळायला नाही.

गायिका : दया? माझं या खोलीतलं पहिलं गाणं आठवतंय? दुसऱ्या कडव्यात गळा फाटला माझा. पळूनच जाणार होते. तेवढ्यात माइक बंद पडला आणि तुम्ही उठून म्हणालात, माफ करा मंडळी, वायर गेली. मागून कुणी ओरडलंसुद्धा, जरा नीट काम करा हो!

बटणकाका : जुनी वायर होती. जायचीच.

गायिका : मी समोर उभी होते, काका. तुम्ही ती स्वतःच्या हाताने उपटलीत. मला पाणी आणून दिलंत, आणि माझा श्वास जागेवर येईपर्यंत ती जोडत बसलात.

(बटणकाका मिक्सरची वायर उगाच काढून परत लावतात.)

गायिका : आता मी मोठमोठ्या सभागृहांत गाते. तिथली यंत्रं बघाल तर थक्क व्हाल. पण तिथे गळा फाटला तर फाटला, माझ्यासाठी कुणी बोलणी खात नाही. त्या दिवशी पळाले असते तर परत कधी माइकसमोर उभी राहिले नसते. मी आज गाते ती तुमच्यामुळे आणि या खोलीमुळे. हे कधी नीट बोललेच नाही तुमच्याशी.

मालकीण : आणि ऐका. नर्सबाई पुढच्या महिन्यात लेकीकडे राहायला जाणार. म्हणाल्या, माझ्या खुर्चीत कोण बसणार ते आधी ठरवा. विचारायचा अवकाश, चारजण पुढे आले. आपला सायकलवालासुद्धा! चष्मा नाही त्याला. म्हणाला, नवा करून घेतो.

बटणकाका : वेडी माणसं आहात सगळी.

मालकीण : आहोतच. मी शहाणी असते तर इथे गोदाम नसतं काढलं? बोला, दुसरा माणूस बघू की नको?

बटणकाका : नका बघू. पण ह्या चोरून खाणाखुणा बंद. मला सरळ सांगायचं, काका, टोचतंय. गाणं चालू असलं तरी.

गायिका : माझं चालू असलं तरी?

बटणकाका : तुझं असलं तरी.

मालकीण : ठरलं तर. मी खुर्च्या लावते.

बटणकाका : पोरी, खरं सांगू? तुझा सूर अजून नीट येतो मला. शब्द पुसट झालेत. स कुठला, श कुठला, कळत नाही. आज नवं गाणं आहे ना तुझं?

गायिका : हो. आजच पहिल्यांदा गाणार.

बटणकाका : मग आधी शब्द सांग. इथे बस, शेजारी.

गायिका : मोठ्याने सांगू?

बटणकाका : नको, नेहमीसारखं सांग. खोली लहान आहे, पोचतं.