एका खोलीला एकच पत्ता

...आणि गेलं! पुन्हा गेलं! तिसऱ्या मिनिटाला! मुलाखत घेणारे साहेब तोंड अर्धं उघडं ठेवून पडद्यावर गोठलेले, आणि मी इकडे, 'हॅलो सर, ऐकू येतंय का सर, सर?'... कुणाला ऐकू येणार? कपाटाला! तुम्हाला सांगते, लग्नाला तीन महिने झाले, त्यासाठी गाव सोडलं, हातातली नोकरी सोडली, आणि आता कुठे ही दुसरी चालून आलेली, घरी बसून करायची, अगदी माझ्या शिक्षणातली. म्हणजे काय करायचं? तर मोठमोठ्या दवाखान्यांचं इंटरनेट सांभाळायचं! आणि जिच्या स्वतःच्या घरात ते तीन मिनिटं टिकत नाही ती दवाखान्यांचं सांभाळणार, असं साहेब बोलले नाहीत हो, पण गोठलेल्या तोंडावर ते स्वच्छ दिसत होतं!

बरं, बिघाड कुठे आहे ते मला कळत नव्हतं का? कळत होतं! तेच तर दुखणं! कळत नसतं तर निदान रडता तरी आलं असतं.

आता बघा, इंटरनेटवर जेवढी यंत्रं तेवढे पत्ते लागतात. फोनला एक, टीव्हीला एक, प्रिंटरला एक. आकड्यांचे पत्ते. आणि कोपऱ्यात दिवे लुकलुकवणारा तो डबा असतो ना, राउटर, तो दारावरचा माणूस. घरातल्या घरात काही द्यायचं तर यंत्रं आपापसांत देतात, बाहेर पाठवायचं तर डब्याच्या हातात. त्या डब्याला तरी जगातले सगळे रस्ते कुठे ठाऊक? त्याला फक्त पुढचा नाका ठाऊक! तो पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि उत्तर आलं की डबा वही बघून ज्याचं त्याला पोचवतो. घरातले पत्ते वाटायचं कामही डबाच करतो, आपोआप, कुणाला विचारावं लागत नाही. सगळ्या घरांत करतो. आमचं घर सोडून!

कारण आमचे सासरे! छत्तीस वर्षं टपालखात्यात, पत्रं वेगळी करून गावोगावच्या पिशव्यांत टाकायच्या कामावर. डबा घरात आला त्या दिवशीच त्यांनी त्याची ती सोय बंद करून टाकली. 'यंत्र पत्ते वाटणार? आणि आपण काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?' मग वही आली, पट्टी आली, तांबडी पेन्सिल आली. घराला मोजून सोळा आकडे आखून घेतले. त्यातला पहिला अख्ख्या गल्लीच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा, ते दोन कुणाला देता येत नाहीत, उरले चौदा. 'चौदा पुष्कळ झाले. हे घर आहे, लॉज नाही.' एक नंबर डबा. दोन नंबर स्वतः. तीन नंबर सासूबाई. पाच नंबर माझा नवरा. मग पुढे टीव्ही, दारावरची घंटा, प्रिंटर, सगळे ओळीने.

मी लग्न होऊन आले, माझा लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वही उघडली. 'सूनबाई, खोली कुठली तुझी?' आता काय सांगणार? म्हटलं, 'ह्यांचीच.' 'मग पत्ता तोच! पाच! एका खोलीला दोन पत्ते मी अख्ख्या नोकरीत पाहिले नाहीत.' आणि स्वतःच्या हाताने माझ्या लॅपटॉपमध्ये पाच घातले. नवऱ्याचा पाच, माझाही पाच! अहो, एका पत्त्यावर दोन यंत्रं म्हणजे काय होतं? डबा विचारतो, 'पाच नंबर कोण?' दोघंही ओरडतात, 'मी!' जो शेवटी ओरडला त्याच्याकडे सगळं जातं. माझ्या साहेबांचा प्रश्न नवऱ्याच्या लॅपटॉपच्या दारात! हे मला त्याच क्षणी दिसलं, पुस्तकात चित्रासकट होतं. आणि मी? मी गप्प. नवीन सून ना!

पहिल्या मुलाखतीला नवऱ्याला हात जोडून सांगितलं, अर्धा तास तुझा बंद ठेव. तर हा तिसऱ्या मिनिटाला, 'अगं, एकच फाईल पाठवतो, दोन मिनिटं!' आणि लावला चालू. गेलं! दुसरी मुलाखत ठरली तेव्हा ह्याचीच मीटिंग. म्हटलं, बाबांना सांग ना तू. 'मी? अगं, मागे एकदा मी त्यांचा रकाना चुकवला होता तर आठवडाभर बोलत नव्हते. तू सांग, तुला नाही रागावणार.' म्हणजे बघा! मोबाइलवरून करावी तर आमच्या खोलीत रेंज हात खिडकीबाहेर काढल्यावरच येते, आणि मुलाखतीत नुसता हात दाखवून कसं चालेल? गेली दुसरीही. साहेबांचा निरोप आला, गुरुवारी अकरा वाजता, ही शेवटची संधी. आणि मी? गप्पच.

म्हटलं, दुसरा एखादा आकडा आपणच घालून घ्यावा. चुपचाप आठ घातला. तर आठ म्हणजे टीव्ही! सासूबाईंच्या मालिकेतली बाई जिन्यावरून पडता पडता हवेत थांबली. दहा घातला, प्रिंटर बसला. सगळी घरं भरलेली! रिकामं एकच. सहा नंबर.

सहा नंबर वन्संचा. माझ्या नणंदेचा. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन दूर गेल्या, पण त्यांचा आकडा सासऱ्यांनी कुणाला दिला नाही. आणि तुम्हाला सांगते, रोज सकाळी दहाला, चहा झाला की, ते सगळ्या आकड्यांची हजेरी घेतात. आपल्या कॉम्प्युटरवरून एकेकाला हाक मारायची, तिकडून ओ आली की वहीत टिंब करायचं. सहालाही मारतात. चार वर्षं रोज. ओ येत नाही. मग तो रकाना तसाच सोडून सातवर जातात.

ती जागा घ्यायची? पण गुरुवार उजाडला! म्हटलं, हजेरी दहाला होते, आपली मुलाखत अकराला, साडेअकराला सहा सोडून पुन्हा पाचवर, कुणाला कळणार? घातला सहा! आणि काय सांगू, पाण्यासारखं चालायला लागलं! साहेब हलतायत, बोलतायत, त्यांच्या शेजारी बसलेल्या मॅडम हसतायत, मी उत्तरांवर उत्तरं देतेय... आणि सासरे त्या दिवशी दाढ दाखवायला गेलेले. म्हणजे हजेरी राहिलेली. म्हणजे ती घेतली सव्वाअकराला!

दार धाडकन! 'आली? कधी आली? सहाने ओ दिली!' एक गाल सुजलेला, हातात वही, दारामागे बघतायत, पडद्यामागे बघतायत. मागून सासूबाई ओल्या हातांनी, 'कोण आलं? एकटीच आली? जावई नाही आले?' साहेब बघतायत. मॅडम बघतायत. आणि मी... नाही हो, तेव्हा नाही गप्प बसवलं! त्या माणसाचे डोळे बघून कसं बसवेल? म्हटलं, 'बाबा, त्या नाही आल्या. ओ मी दिली.' आणि मग तीन महिन्यांचं सगळं एका दमात!

ते पलंगाच्या कडेवर बसले. वहीतल्या पाचच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'म्हणजे तुझी पत्रं इतके दिवस त्याच्याकडे जात होती?' 'हो, बाबा.' 'छत्तीस वर्षांत मी एक पत्र चुकीच्या दारात जाऊ दिलं नाही गं...' मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात लॅपटॉपमधून साहेब, 'काका, तुम्ही यांना पत्ता द्या. नोकरी आम्ही देतो.'

दिला! तिथल्या तिथे पेन्सिल काढली. वन्संचं नाव खोडायला गेले, हात थांबला. नाही खोडवलं. त्याच ओळीत, जरा खाली, माझं लिहिलं. सहा नंबर, दोन नावं. मला दिसलं. आणि मी? गप्प. अहो, नोकरी मिळालेली, आणि वन्सं काय लगेच येतायत थोड्याच!

रविवारी आल्या. पंधरा दिवसांसाठी. न कळवता. घरभर आनंदीआनंद! सोमवारी दहा वाजता माझा कामाचा पहिला दिवस, सगळी कचेरी पडद्यावर, मी म्हणतेय 'नमस्कार, मी...' आणि गेलं! बाहेरच्या खोलीत वन्संनी आपला लॅपटॉप उघडला होता. त्यात बाबांनी कधीकाळी स्वतःच्या हाताने घातलेला सहा तसाच! आणि दार उघडून सासरे आत, चेहरा असा उजळलेला मी तरी कधी पाहिला नव्हता... 'सूनबाई, ऐकलंस का? आज सहाला हाक मारली तर दोघी ओ देतायत!'

आता सांगा, इतक्या खूश झालेल्या माणसाला मी काय सांगणार? म्हटलं, 'हो बाबा. करा टिंब.'