येतानाची तिकिटं

चंद्रावती : क्राउन पॉइंटला काय वाईट आहे, पा? बीच दाराशी, खेकडा-डंपलिंगच्या टपऱ्या रांगेने उभ्या. ईस्टरला अख्खं त्रिनिदाद टोबॅगोला जातं ते तिथंच उतरतं.

बुधराम : म्हणूनच नको. इथल्या शेजाऱ्यांचा दणदणाट ऐकायला मी बोटीत बसून समुद्र ओलांडू? तिथून मशीन किती लांब?

चंद्रावती : वीस मिनिटं. स्कारबरोच्या दवाखान्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहाची वेळ घेऊन ठेवलीय. इथल्यासारखीच. तीन आठवडे फोन करून करून बोटं झिजली माझी. तिथली नर्स आता मला आवाजावरून ओळखते.

बुधराम : वीस मिनिटं. हं. पुढचं?

चंद्रावती : कस्टारा. कोळ्यांचं लहानसं गाव. टेकडीवर घरं, खाली वाळू. रॉजरच्या बायकोला, तुमच्या सुनबाईला, तेच हवंय. शेरी म्हणते, फोटो छान येतात.

बुधराम : आणि मशीन?

चंद्रावती : पाऊण-एक तास. वळणं आहेत, पण मी हळू चालवेन. पाठीला उशी घेऊ.

बुधराम : तासाभरात पोचतो म्हणजे. आणि खाली ते काय खोडलंयस?

चंद्रावती : शार्लटव्हिल. बेटाचं पार दुसरं टोक. ते जाऊ द्या.

बुधराम : का जाऊ द्या? माझ्या सुट्टीची यादी आणि खोडणार तू? किती लांब?

चंद्रावती : स्कारबरोहून दीड तास, तोही रस्त्यात दरड नसेल तर. डायलिसिस करून आल्यावर तुम्हाला घरातल्या घरात उभं राहवत नाही, आणि ते घाट उतरणार? उलट्या करून करून अर्धे व्हाल.

बुधराम : ते घे.

चंद्रावती : पा!

बुधराम : ते घे म्हणतो ना. मी गेलोय तिथं. साखर कारखान्याने एकदा आम्हा ऊसतोड्यांची सहल नेली होती, तू जन्मायच्या आधी. सकाळी कोळ्यांनी रापण टाकलेली, काठावरून दोरांनी ओढायचं ते लांबलचक जाळं. दोराला हात लावेल त्याला मासा, असा तिथला कायदा. आम्ही सगळे लुंगीसुंगी माणसं, ऊस सोडून काही धरलेलं नाही, पण असा दोर ओढला की कोळीच बघत राहिले! मग तिथंच वाळूत चूल मांडून मासा तळला, भरपूर मीठ लावून. आणि वर शहाळं. या वेळी पण एक अख्खं शहाळं पिणारे मी, खोबऱ्यासकट.

चंद्रावती : शहाळं? तुम्ही? तुम्हाला केळ्याचा तुकडा चालत नाही. दिवसाचं पाणी कपाने मोजून देते मी. शहाळं प्यालात तर सोमवारी मशीनवर पोचायच्या आधी काळीज बंद पडेल.

बुधराम : सोमवारी मी मशीनवर जाणार नाहीये, बेटी.

चंद्रावती : बरं, मग मंगळवारची वेळ मागते. एक दिवस पुढे चालतं, त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

बुधराम : मंगळवारीही नाही. बुधवारीही नाही.

चंद्रावती : म्हणजे?

बुधराम : म्हणजे गुड फ्रायडेची ती शेवटची. शनिवारी बोट. मग शार्लटव्हिल.

चंद्रावती : थांबा. महिनाभर प्रत्येक गावाचं विचारताय, मशीन किती लांब, मशीन किती लांब. मला वाटलं, जिवाला जपताय. मी मूर्ख खूश होत होते. आणि तुम्ही सगळ्यात लांबचं शोधत होतात?

बुधराम : जवळ असलं की तू मला उचलून गाडीत घालशील. तुला ओळखत नाही का मी.

चंद्रावती : घालेन! अजूनही घालेन!

बुधराम : म्हणून तर दीड तास हवा.

चंद्रावती : असं बोलता कसं तुम्ही? सुट्टीला चाललोय आपण. तुमच्या नातीसाठी पोहायचा नवा ड्रेस आणलाय शेरीने. आणि तुम्ही तिकडे...

बुधराम : मीही सुट्टीलाच चाललोय. डॉक्टरीणबाईंना विचारलं मी, तू गाडी आणायला गेलीस तेव्हा. तोंडावर विचारलं, मशीन सोडली तर किती दिवस? आठ-दहा म्हणाल्या. झोप वाढत जाते, मग उठत नाही माणूस. धाप लागली तर त्याला औषध आहे, तिथल्या नर्सला त्या चिठ्ठी देणारेत. जाताना त्यांनी माझा हात धरला. ओरडल्या नाहीत तुझ्यासारख्या.

चंद्रावती : त्यांचा बाप नाही जात! मला सांगा खरं. माझ्यासाठी करताय का हे? मी थकले म्हणून? परवा गाडीत डुलकी लागली म्हणून?

बुधराम : तुझी दया यायची असती तर पहिल्याच वर्षी आली असती. तीन वर्षं पहाटे चारला उठवतोय तुला, एकदा तरी विचारलं का थकलीस म्हणून? स्वार्थी माणूस आहे मी. हे माझ्यासाठी करतोय. मला ती खुर्ची नको. ती सुई नको. जिभेचा असा चामड्याचा तुकडा झालाय, आणि मी कप हातात धरून बसतो, एक घोट आता पिऊ की संध्याकाळी. पुरे झालं.

चंद्रावती : लोक काय म्हणतील माहितीय? आपलं अख्खं कुवा गाव म्हणेल, वैतागली आणि बापाला बेटाच्या टोकाला नेऊन सोडून आली.

बुधराम : म्हणतील. आठवडाभर म्हणतील. मग कुणाच्या तरी मुलीचं लग्न निघेल.

चंद्रावती : थट्टा करू नका हो.

बुधराम : चंद्रा. तुझी आई शेवटी काय मागत होती?

चंद्रावती : ते नका काढू.

बुधराम : काय मागत होती?

चंद्रावती : पाणी.

बुधराम : आणि आपण काय दिलं? ओला कापूस. दवाखान्याच्या त्या हिरव्या पडद्याआड तू तिच्या ओठांना ओला कापूस लावत होतीस आणि मी नर्सच्या भीतीने गप्प उभा होतो. घरी आल्यावर मी माठातलं पाणी पोटभर प्यायलो. तेव्हापासून तो माठ मला बघवत नाही. मला पाणी पिऊन जायचंय, बेटी.

(चंद्रावतीचा फोन वाजतो. ती तो मेजावर ठेवून आवाज मोठा करते.)

रॉजर : दीदी! बंदरावर मरणाची गर्दी आहे, तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे चारच जण उरलेत. कुठलं गाव ठरलं ते सांग, शेरी डोकं खातेय. आणि तिथली ईस्टरची बोकडांची शर्यत चुकवायची नाही हां, पांना आत्ताच सांगून ठेव!

चंद्रावती : दोन मिनिटांनी कर फोन.

रॉजर : दोन मिनिटांनी खिडकी येईल माझी!

चंद्रावती : मग खिडकीशी कर. ठेव. ...पा, याला कोण सांगणार?

बुधराम : बोटीवर मी सांगेन. चार तास आहेत. रडेल, भांडेल, पण उडी मारून पळणार तर नाही.

चंद्रावती : लहान मुलीसमोर नाही.

बुधराम : नाही. तिला फक्त रापण दाखवायची. दोर धरायला शिकवतो तिला.

चंद्रावती : तुमच्या हातात जोर आहे का दोर ओढायला?

बुधराम : नुसता धरायचा. ओढणारे पुष्कळ असतात.

चंद्रावती : माझी एक अट आहे. तिथं गेल्यावर मन बदललं, तिसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी, रात्री-अपरात्री कधीही, तर मला हाक मारायची. अभिमान आडवा आणायचा नाही. मी दीड तासाचा रस्ता तासाभरात कापेन.

बुधराम : मारेन हाक.

चंद्रावती : लाजायचं नाही.

बुधराम : नाही लाजणार. पण तूही मी न मारलेली हाक ऐकायची नाहीस.

चंद्रावती : ...आला बघा फोन. बोल, रॉजर.

रॉजर : खिडकीशी आहे! जातानाची शनिवारची पाच काढली. येताना कधी, दीदी? लवकर, मागचे शिव्या देतायत.

चंद्रावती : शार्लटव्हिलला जातोय आपण. येतानाची दोन आठवड्यांनी, रविवारची.

रॉजर : दोन आठवडे? आणि माझी नोकरी?

चंद्रावती : रजा वाढवून घे. का ते बोटीवर कळेल.

रॉजर : पांना एवढी मजा करायचीय? बरं बाबा. पाचच काढू ना?

बुधराम : चार सांग. येताना मला सामानात धरतील.

रॉजर : काय म्हणाले पा? इथं ऐकू येत नाहीये. किती?

चंद्रावती : पाच.

रॉजर : पाच. झालं. ठेवतो.

बुधराम : अगं, एक वाया जाईल.

चंद्रावती : जाऊ दे. पाणी देऊ का, पा?