एका माणसाचं सांडपाणी

...नाही, पण मला सांगा, माणसाने दिवसातून आंघोळी तरी किती कराव्यात? दोन झाल्या, तिसरीला शिंका सुरू! आणि कुणासाठी? अळूसाठी! तुम्हाला सांगते, बी.एस्सी. झाले, बोईसरच्या एका संस्थेत चिकटले, आणि त्यांनी मला धाडलं मुरबे गावात, सांडपाण्यावर परसबाग फुलवून दाखवायला. मोरीचं पाणी वाळूच्या खड्ड्यातून अळूला. वर ताज्या पाण्याचा थेंब घालायचा नाही, कारण गोड्या पाण्याची विहीर एकच. कागदावर छान हो! पण कागदावरचं कुटुंब पाच माणसांचं. इथे मी. एक ताट, एक वाटी, एक परकर... एका माणसाचं सांडपाणी ते असून असून किती असणार?

अळूने माना टाकल्या. शुक्रवारी साहेब बघायला येणार, अळू मेलं की नोकरी गेली! म्हणून या जास्तीच्या आंघोळी... आणि तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला, अगं बाई, आंघोळीचं पाणीही विहिरीचंच की! वाचवायला आले आणि उपसत बसले!

शेजारी मंजुळाकाकी, मासळी विकतात. धीर करून गेले. लोक विरजण मागतात, मी म्हटलं, "काकी, तुमचं घाण पाणी द्याल?" त्यांनी नुसतं वर पाहिलं, मी दचकून दोन पावलं मागे!

"त्यात नत्र असतं, स्फुरद, पालाश..."

"ते कोन गो? तुजे भाऊ?"

"नाही हो, खत! एका माणसाचं सांडपाणी ते किती असणार..."

"मंग सरळ सांग ना, म्हावऱ्याचं धुवण पायजे! आमी माडाला घालतो ते. त्याला कालेज कशाला?"

बुधवारी दार वाजलं. माझं दार कधी वाजत नाही हो! बघते तर काकी आणि आणखी चार जणी, हातात बादल्या. "आलो गो!" इतका आनंद झाला म्हणून सांगू! बसा, बसा म्हणत आत धावले, चटई काढली, सहा कप चहा टाकला, आलं किसलं... बाहेर येते तर अळूच्या आळ्यात तळं, त्यात खवले चमकतायत, आणि बायका कुंपणापाशी!

"अहो, चहा..."

"नको गो, होडी लागलीय, म्हावरा उतरायचा हाय! उद्या पन आनू!"

अळू जगलं. नोकरीही राहिली. चहा मात्र चटईवर बसून सहाच्या सहा कप मीच प्यायले, दुसरं कोण पिणार? मग सहा कप, सहा बशा, पातेलं, गाळणं, सगळं मोरीत विसळलं... त्या दिवशी सांडपाणी तेवढं भरल्या घराचं निघालं.