मानांग फेलिसानं खोकं फोडलं

गिमारास बेटावर जाणाऱ्या बोटीसाठी नेनिता रांगेत उभी होती. तिच्या मागे दोघी म्हाताऱ्या बहिणी बोलत होत्या. धाकटी थोरलीला मानांग, म्हणजे ताई, म्हणत होती.

"मानांग फेलिसा, नाताळात मी येईपर्यंत कॉम्प्युटरला हात लावू नकोस, असं रोडेलनं तो पाठवताना बजावलं होतं ना तुला?"

"लेकानं बजावलं. आईनं खोकं फोडलं."

"एकटीनं?"

"मग काय, पाद्रीबाबांना बोलवू? अगं पेर्ला, प्रत्येक वायरीचं टोक वेगळं असतं. जी जिथली, ती तिथंच बसते."

"आणि बिघडला असता म्हणजे?"

"नवऱ्याच्या होडीचं इंजिन खोलून परत बसवलंय मी. ते बिघडलं?"

"नाही बाई."

"झालं तर. चालू केल्यावर त्यानं भाषा विचारली, देश विचारला, मग नाव. मी माझं घातलं."

"रोडेलचं नाही?"

"वापरणार कोण?"

"पासवर्ड काय ठेवलास?"

"तुला सांगू? माझं प्रेमपत्र अख्ख्या गल्लीला वाचून दाखवणारी तू!"

रांग पुढे सरकली. नेनिता मात्र तिथंच रेंगाळली.

"पण एवढी घाई कसली? नाताळ आलाच की."

"तोवर नातीला दात येतील. दोहाहून फोनवर दाखवतात, ती अंगठ्याएवढी दिसते. नाक कुठं, तोंड कुठं, माझ्या डोळ्यांना काही कळत नाही."

"मग दिसली?"

"काल सकाळी. रोडेलचं आपलं एकच, कुणी लावून दिला? म्हटलं, तू बाजूला हो, पोरगी दाखव."

"कुणावर गेलीय?"

नेनितानं न राहवून मागे वळून पाहिलं.

"तुझ्यावर," फेलिसा बहिणीला म्हणाली. "नाक तुझंच. पडदाभर जांभई दिली बघ तिनं."